शोकेसमधला पत्रा

अरुणाचलात ट्रेकला जाणाऱ्या आणि ट्रेक नेणाऱ्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये अॅल्युमिनियमचा वितीएवढा एक पत्रा आहे. एका कडेला रिव्हेटांची ओळ, दुसरी कड कागद टरकावा तशी फाटलेली. आतल्या बाजूला हिरवट रंगाचे पापुद्रे अजून धरून आहेत. कोपऱ्यात आगपेटीएवढी एक पट्टी आहे आणि तिच्यावर ठोकलेले आकडे. पहिले पाच लागतात, पुढचे झिजलेत. पत्र्याच्या डावीकडे मुलीची वक्तृत्व स्पर्धेतली ढाल, उजवीकडे राजगडावरच्या सूर्योदयाचा फोटो. गेली सहा वर्षे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात मी तो पत्रा दिला आहे. "दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विमानाचा आहे," एवढे म्हटले की चहा येईपर्यंतचा वेळ मजेत जातो.

मागच्या महिन्यात आपल्याच एका ग्रुपच्या गेट-टुगेदरला गेलो. यजमानाच्या टेबलावर तसाच एक तुकडा पेपरवेट म्हणून ठेवलेला. दुसऱ्या एकाने खिशातून किचेन काढून दाखवली. ती पण तिकडचीच, घासून गुळगुळीत केलेली, लेझरने स्वतःचे नाव कोरलेली. मी लगेच माझ्या पत्र्याची बढाई सुरू केली. त्या रात्री झोप लागली नाही असे म्हणणे नाटकी होईल. छान झोप लागली. मात्र दुसऱ्या दिवशी आकड्यांचे काही कळते का पाहू म्हणून वाचायला बसलो, आणि जे वाचले त्यानंतर तो पत्रा पाहुण्यांना दाखवणे मला जमलेले नाही. म्हणून हे पत्र.

आधी माझीच कबुली देतो. 2019 च्या नोव्हेंबरात आम्ही नऊ जण सियांगच्या खोऱ्यात गेलो होतो. गावाच्या वर दोन तास चढल्यावर एक ओढा लागला. पावसाळ्यात वरच्या उतारावरून वाहून आलेले पत्रे त्याच्या काठी दगडांत अडकले होते. आमचा वाटाड्या आदी समाजाचा, विशी-बाविशीचा पोरगा. मी विचारले, वर आणखी आहे का? तो म्हणाला, "ऊपर बहुत है, अंकल. कोई जाता नहीं." का जात नाही? "वहाँ आदमी लोग है ना."

मला वाटले, लाकूडतोडे असतील. मान डोलावली आणि पत्रा सॅकमध्ये सरकवला. त्याने अडवले नाही, मदतही केली नाही. माझे बांधणे होईपर्यंत ओढ्याकडे तोंड करून उभा राहिला. रात्री चुलीपाशी अपोंगचा, म्हणजे तिकडच्या तांदळाच्या दारूचा, दुसरा पेला संपवताना डोक्यात प्रकाश पडला की तो कुठल्या 'आदमी लोगां'बद्दल बोलत होता. तरीही सकाळी मी पत्रा परत ठेवायला गेलो नाही. दोन तासांची चढण होती आणि गाडी नऊला निघणार होती.

आता ते कोण होते, हे थोडे सविस्तर सांगतो. आपल्या ट्रेकच्या माहितीपत्रकांत 'वर्ल्ड वॉर टूच्या विमानाचे अवशेष' एवढी एकच ओळ असते, तीही 'झुलता पूल' आणि 'कॅम्पफायर' यांच्या मधोमध.

आपण दिब्रुगडला विमानाने उतरतो तो विमानतळ म्हणजे मोहनबारी. तिथून बोगीबीलच्या पुलावरून ब्रह्मपुत्रा ओलांडायची आणि पासीघाट गाठायचे. हेच मोहनबारी, तसेच शेजारचे चबुआ, दिनजान, सुकेरेटिंग, खाली जोरहाट आणि तेजपूर, हे सगळे त्या युद्धातले तळ होते. 1942 च्या एप्रिलअखेरीस जपान्यांनी ब्रह्मदेशातले लाशियो घेतले आणि चीनला रसद नेणारा रस्ता तुटला. उरली फक्त हवा. आसामातून उडायचे, पाटकाई आणि त्यापलीकडच्या डोंगररांगा ओलांडायच्या आणि सुमारे 800 किलोमीटरवरच्या कुनमिंगला उतरायचे. या वाटेला वैमानिकांनी नाव दिले 'हंप'. आपण त्याला वशिंड म्हणू. युद्ध संपेपर्यंत या वशिंडावरून साडेसहा लाख टनांच्या आसपास माल पलीकडे गेला. पेट्रोलची पिंपे, बॉम्ब, दारूगोळा, जीपचे भाग, औषधे.

चबुआची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर. तिथून भरल्या विमानाने उडायचे आणि पाहता पाहता साडेचार-पाच हजार मीटरवर पोचायचे. आपण त्या उंचीपर्यंत पाच दिवस चढतो, वाटेत एक दिवस विरळ हवेची सवय व्हावी म्हणून मुक्काम करतो, तरी डोके दुखते. त्या पोरांच्या नाकाला ऑक्सिजनचा मुखवटा असे आणि पंखांवर बर्फ साचत असे. पावसाळ्यात ढग खालपासून वरपर्यंत भरलेले, हिवाळ्यात असे वारे की विमान हाताबाहेर ओढले जाई. नकाशांवरच्या शिखरांच्या उंचीवर भरवसा नाही. दक्षिणेची वाट जरा सखल होती, पण मिचिनाच्या धावपट्टीवरून जपानी लढाऊ विमाने उठत. ती धावपट्टी 1944 च्या मे महिन्यात हातात येईपर्यंत यांना उत्तरेच्या उंच डोंगरांवरूनच जावे लागे. उत्तरेचे डोंगर म्हणजे आपण आज ज्यांना 'ऑफबीट डेस्टिनेशन' म्हणतो ते.

सहाशेच्या आसपास विमाने पडली. वैमानिक आपापसांत म्हणत की आभाळ स्वच्छ असले तर होकायंत्र नको, खाली चमकणाऱ्या पत्र्यांच्या मागे जात राहिलात तरी चीन येईल. विनोद भीतीतूनच येतात, आपल्याला कोकणकड्यावर सुचतात तसे.

सगळेच मेले असेही नाही. 1943 च्या 2 ऑगस्टला चबुआहून निघालेल्या एका विमानाचे इंजिन नागा डोंगरांवर बंद पडले. आत एकवीस जण होते, त्यांत एरिक सेवरीड हा पत्रकार. वीस जण छत्रीने उडी मारून वाचले. जखमींसाठी फ्लिकिंजर नावाचा डॉक्टर दोन साथीदारांसह वरून त्याच जंगलात उतरला. ब्रिटिशांचा अंमल नसलेल्या डोंगरांतल्या ज्या गावकऱ्यांची सगळ्यांना धास्ती होती, त्यांनीच या लोकांना खाऊ घातले. पुढे मोकोकचुंगहून ब्रिटिश अधिकारी माणसे घेऊन आला आणि मंडळी चालत बाहेर पडली. वाचलेल्यांच्या अशा कथा सांगायला गोड लागतात, म्हणून त्या मागे उरल्या. बाकीच्यांपैकी पुष्कळांची नोंद एका ओळीची आहे: अमुक वाजता निघाले, पोचले नाहीत.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हिशोबाने आपल्या देशाच्या हद्दीत त्यांची चारशेच्या आसपास माणसे अजून बेपत्ता आहेत आणि त्यांतली बहुतेक अरुणाचलाच्या डोंगरांत. "वहाँ आदमी लोग है ना" या वाक्याचा हा अर्थ.

आता पत्र्यावरच्या आकड्यांकडे येतो, कारण माझे मन तिथे अडकले आहे.

विमान पडले की 1943 पासून अमेरिकी वायुदल एक अहवाल भरत असे, मिसिंग एअर क्रू रिपोर्ट. टंकलेखित, रूक्ष. कोण कोण होते, कुठून कुठे निघाले, हवा कशी होती, शेवटचे कोणी पाहिले. त्यात आणखी एक रकाना आहे: विमानाचा क्रमांक, प्रत्येक इंजिनाचा क्रमांक, बसवलेल्या प्रत्येक मशीनगनचा क्रमांक. हे सगळे टिपून ठेवण्यामागे कारकुनी शिस्त असेल. मात्र ऐंशी वर्षांनी डोंगरात सापडलेला ढिगारा कोणाचा, हे सांगणारा धागा तोच. शेपटीवरचा रंग पावसाने जातो. विमान आदळून जळाले असेल तर मोठे भाग ओळखू येत नाहीत. धातूच्या पट्टीवर ठोकलेला आकडा टिकतो. तो सापडला की अहवाल सापडतो, अहवाल सापडला की नावे सापडतात आणि नावे सापडली की घरे.

म्हणजे ढिगाऱ्यातला सगळ्यात किमती तुकडा कोणता? ज्यावर आकडे आहेत तो. आणि पाहुण्यांना दाखवायला सगळ्यात छान तुकडा कोणता? तोच.

एक उदाहरण देतो. 'हॉट अॅज हेल' नावाचे बी-24 जातीचे विमान 1944 च्या 25 जानेवारीला कुनमिंगहून चबुआकडे निघाले. ही बॉम्बफेकी विमाने होती, पण चीनमधल्या तळांवर ना पेट्रोल होते ना बॉम्ब. आपले आपणच भारतातून वाहून न्यायचे, म्हणून यांना पण वशिंडाच्या खेपा. हवा खराब होती. आठ जण होते, चबुआला पोचले नाहीत. 2006 साली क्लेटन कूल्स हा अॅरिझोनाचा माणूस, जो स्वतःच्या खर्चाने अशी विमाने शोधत फिरतो, स्थानिक वाटाड्यांबरोबर दमरो गावाच्या वरच्या डोंगरात पोचला आणि त्याने ते ओळखले. मग अमेरिकी पथक आले. मध्ये कित्येक वर्षे परवानगीअभावी काम थांबले, सीमेजवळचा मुलूख आहे. 2015 मध्ये पुन्हा खोदकाम झाले, 2016 च्या एप्रिलमध्ये दिल्लीत मानवंदना देऊन अवशेष रवाना झाले, आणि 2017 मध्ये एकाची ओळख पटली. लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड. जॉर्जिया राज्यातल्या काँकॉर्ड नावाच्या छोट्या गावचा, वय 24. त्याच वर्षी त्याला त्याच्या गावी पुरले. आठातला एक.

हे खोदकाम कसे चालते तेही माहीत असू द्या. निसरड्या उतारावर दोऱ्या बांधून चौकोन आखतात. चौकोनातली माती बादलीने चाळणीवर आणतात आणि चाळतात, आपल्याकडे बांधकामावर वाळू चाळतात तशी, फक्त जाळी बारीक. नखाएवढे हाड मिळावे, एखादा दात, एखादे बक्कल. हाडातून डीएनए काढायचा आणि आईच्या बाजूच्या नातलगाशी जुळवायचा. आता या कामात गांधीनगरचे आपले न्यायवैद्यक विद्यापीठही आहे. कुठल्या चौकोनात काय मिळाले, यावरून कॉकपिट कुठे होते आणि कोण कुठे बसला होता याचा अंदाज बांधतात. त्यामुळे "मी तर फक्त जागेवरून हलवून फोटो काढला" हेसुद्धा निरुपद्रवी नाही. ग्रुपफोटोसाठी विमानाचा पंखा उभा करून त्याभोवती बसलेले आपले किती फोटो आहेत ते फेसबुकवर जाऊन मोजा. माझा आहे.

दुसरे उदाहरण मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो होतो. 1945 च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, वशिंडावरच्या सर्वांत वाईट वादळांपैकी एकात, सी-46 जातीचे एक मालवाहू विमान गडप झाले. तेरा जण होते. त्यांतल्या एका अधिकाऱ्याचे मूल तेव्हा तेरा महिन्यांचे. घरी तार आली: बेपत्ता. ते मूल मोठे झाले, म्हातारे झाले, आणि त्याने कूल्सला गळ घातली की माझ्या वडिलांचे विमान शोध. 2021 च्या डिसेंबरात ते एका बर्फाळ डोंगरमाथ्यावर सापडले. शेपटीवरच्या क्रमांकावरून ओळखले. आत मानवी अवशेष मिळाले नाहीत. मुलाला तेवढेही पुरले, निदान कुठे ते कळले.

या शोधात तीन वाटाडे आधीच्या एका टप्प्यात सप्टेंबरातल्या हिमवादळात गारठून मेले. लिसू समाजाचे होते. अरुणाचलातल्या विजयनगर-गांधीग्रामकडे ट्रेक नेणाऱ्यांना लिसू, म्हणजे तिथले योबिन, चांगले माहीत आहेत. आपल्या सॅका त्यांच्या पाठीवर जातात.

आता तुमच्या मनात येणारे आक्षेप. माझ्याही मनात तेच आले होते, कारण मला पत्रा सोडायचा नव्हता.

पहिला आक्षेप असा की गावकऱ्यांनीच त्या पत्र्यांची भांडी केली, डावाच्या मुठी केल्या, मग आमच्या एका तुकड्याने काय बिघडले? खरे आहे, केली. ज्या मुलखात मीठसुद्धा पाठीवरून दिवसचे दिवस चालत आणावे लागे, तिथे आभाळातून धातू पडला आणि लोकांनी तो वापरला. युद्ध त्यांना विचारून त्यांच्या डोक्यावरून उडत नव्हते. मेळघाटातल्या माणसाने पडक्या बंगल्याचे दार चुलीत घातले तर आपण त्याला वारसा शिकवायला जात नाही, आणि जाऊही नये. पण आपली चूल गॅसची आहे. आणि जी वस्तू त्यांनी घरात वापरली ती निदान त्याच डोंगरात राहिली. गावात विचारले की म्हातारी सांगते, हे कुठल्या नाळेतून आणले. कोथरूडच्या शोकेसमधल्या पत्र्याला विचारून काहीही कळत नाही. भंगारवाल्यांनी तर ढीगच्या ढीग उचलले, तो वेगळा विषय, आणि आपण त्यांच्या रांगेत उभे राहायचे की नाही हे आपले आपण ठरवायचे.

दुसरा आक्षेप मला एका तरुण मित्राने तोंडावर ऐकवला. "काका, ते अमेरिकन. त्यांच्या लढाईत मेले. 1942 च्या ऑगस्टमध्ये आपण गवालिया टँकवर 'चले जाव' म्हणत होतो आणि आसामात चहामळ्यांतले मजूर त्यांच्यासाठी धावपट्ट्या बांधत होते. आपण का हळहळायचे?" बिनतोड वाटतो. मी त्याला सोलापूरची आठवण दिली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि 1942 च्या 9 डिसेंबरला, वयाच्या 32 व्या वर्षी, तिकडेच वारले. हंपवर विमाने उडू लागली तेच साल, लढाई तीच, जपान्यांविरुद्धची. ती रसद चिनी सरकारच्या फौजांकडे जात होती आणि कोटणीस कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर होते, इतका फरक. त्यांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे, पुतळा आहे, लोक फुले वाहतात. उद्या तिकडचा कोणी पर्यटक त्या समाधीची टवका उडालेली फरशी 'आठवण' म्हणून खिशात घालून नेताना दिसला, तर सोलापुरात काय वाटेल? मित्र गप्प बसला. पटले म्हणून की माझी दया आली म्हणून, देव जाणे.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि इथे कायदा खरेच आपल्या बाजूने लंगडा आहे. 1972 चा पुरावशेषांचा कायदा साधारणपणे शंभर वर्षे जुन्या वस्तूंना लागू होतो. 1944 ला पडलेले विमान त्या व्याख्येत बसायला 2044 उजाडावे लागेल. ब्रिटनने 1986 साली लष्करी अवशेषांसाठी वेगळा कायदा केला. तिथे डोंगरात पडलेल्या लष्करी विमानाचा तुकडाही परवान्याशिवाय हलवता येत नाही, मग विमान कोणत्याही देशाचे असो. आपल्याकडे इनर लाइन परमिट आहे, पण ते आत जाण्याचे. बाहेर काय घेऊन आलात ते कोणी पाहत नाही. विमानतळावर माझ्या सॅकमधला पत्रा एक्सरेत दिसला, तरुण जवानाने विचारले, हे काय? मी म्हणालो, शोपीस. त्याने हसून सोडले.

खरे सांगायचे तर कायद्याची वाट पाहणारी आपली जमात नाही. सह्याद्रीत आपण स्वतःच नियम केले. गडावरची वीट खाली आणायची नाही, तोफगोळा सापडला तर आहे तिथे ठेवून कळवायचे, शिलालेखाला चुना फासायचा नाही. तीस वर्षांपूर्वी यातले काहीच नव्हते, टाक्याच्या भिंतीवर बदाम कोरणारे आपल्याच बसमध्ये असायचे. आज नव्या पोरालासुद्धा ते सांगावे लागत नाही.

आणि वीरगळ? कुठल्याही गावात शिरताना मारुतीच्या देवळामागे, पिंपळाच्या पारावर, शेताच्या बांधाला टेकून एखादा उभा असतोच. खालच्या चौकटीत लढताना पडलेला माणूस, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीपाशी बसला आहे. बहुतेकांवर नाव नाही. तो कोणाच्या बाजूने लढला, गाईंसाठी मेला की राजासाठी, गावाला ठाऊक नसते. गाव तरी त्याला शेंदूर लावते. आपण नव्या मुलांना वीरगळ दाखवतो तेव्हा किती हळू बोलतो, लक्ष दिले आहे? तेच आपण सियांगच्या उतारावर पत्रा पायाने उलथून पाहतो, खाली आकडे आहेत का म्हणून.

आपल्यात देह न सापडलेल्या माणसासाठी पालाशविधी आहे. पळसाच्या पानादेठांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. ज्याची तिथी माहीत नाही त्याचे श्राद्ध सर्वपित्रीला घालायचे. ज्यांनी हे रिवाज घातले त्यांना वाट पाहणाऱ्या घराची अवस्था चांगलीच ठाऊक असणार. माझी आजी असे एक घर होते. तिचा धाकटा भाऊ रेल्वेत नोकरीला म्हणून गेला तो परत आलाच नाही. ती नव्वदीतही दार वाजले की मान वर करायची. अर्थात ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा विमानांशी काही संबंध नाही.

मी ट्रेक बंद करा म्हणत नाही. उलट, हे काम होते तेच डोंगरात फिरणाऱ्यांमुळे. 1968 च्या 7 फेब्रुवारीला चंदीगडहून लेहला निघालेले आपल्या वायुदलाचे एएन-12 जातीचे विमान रोहतांगच्या आसपास नाहीसे झाले, 102 जण होते. युद्धातले नव्हे ते, पण आपल्याच जवानांचे. पस्तीस वर्षे पत्ता नव्हता. 2003 मध्ये लाहौलच्या हिमनदीवर पहिले अवशेष दिसले ते मनालीच्या गिर्यारोहकांना. त्यानंतर लष्कराच्या मोहिमा होत राहिल्या, आणि 2024 च्या सप्टेंबरअखेरीस आणखी चार जवान सापडले, छप्पन्न वर्षांनी. पहिल्या गिर्यारोहकांनी वर्दी दिली म्हणून पुढचे सगळे घडले. आपल्या जुन्नरच्या डोंगरातही 1962 च्या जुलैत इटलीचे प्रवासी विमान पडले होते, 94 माणसे गेली. त्या भागात फिरणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? मला पंधरा वर्षे तिथले घाट चढूनही नव्हते.

तेव्हा माझे मागणे ट्रेक नेणाऱ्यांकडे आधी आहे. माहितीपत्रकातल्या त्या एका ओळीऐवजी चार ओळी लिहा. ते काय आहे, तिथे काय करायचे नाही. पहिल्या दिवशीच्या ब्रीफिंगमध्ये जळवांबद्दल दहा मिनिटे बोलता, त्यातली दोन याला द्या. हात लावायचा नाही याला अगदी व्यवहारी कारणही आहे. ही विमाने दारूगोळा आणि बॉम्ब नेत होती, आणि ऐंशी वर्षांनी गंजलेल्या नळकांड्यात काय आहे ते तुमच्या फर्स्ट एड किटला कळत नाही. आकडे असलेला भाग दिसला तर आहे तिथेच, आहे तसाच, शेजारी पेन ठेवून फोटो काढा. जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, पण इन्स्टाग्रामवर टाकू नका. पुढच्या आठवड्यात तिथे छिन्नी घेऊन कोणीतरी पोचेल. गावच्या गांवबुढांना, म्हणजे गावप्रमुखांना, सांगा, आणि जिल्ह्याच्या उपायुक्तांकडे लेखी द्या. तिकडे कलेक्टर म्हणत नाहीत, उपायुक्तच. आणि वाटाड्या "कोई जाता नहीं" म्हणाला की त्या दिवशीचा ट्रेक तिथे संपला असे समजा. त्याला जास्त पैसे देऊ करू नका. मी करून पाहिलेले नाही, पण आमच्यातल्या एकाने केले होते.

ज्यांना अवशेष पाहायचेच आहेत त्यांच्यासाठी पासीघाटला 2023 च्या नोव्हेंबरपासून हंपचे संग्रहालय आहे. डोंगरातून गोळा केलेले भाग तिथे ठेवले आहेत. माणसे नावानिशी आहेत, निदान काही. आपल्या बसेस त्याच्या दारावरून मेबोला जातात आणि थांबत नाहीत, कारण आपल्याला उजेड असेतो मुक्काम गाठायचा असतो. एक तास काढा.

आता माझ्या पत्र्याचे. त्याच्यावरचे पाच आकडे कुठल्या अहवालाशी जुळतात ते मी शोधू शकलो नाही. पाच आकड्यांवर काही होत नाही, पट्टी झिजलेली आहे, आणि सहा वर्षे ती पाहुण्यांच्या हातांनी झिजण्यात माझाही वाटा आहे. ती इंजिनाची आहे की निव्वळ एखाद्या कप्प्याची, तेही कळत नाही. पण तो ओढा मला आठवतो. गावाच्या वर दोन तास, डाव्या हाताला, मोठ्या पिवळट दगडाच्या खाली. ते मी आता लिहून काढले आहे, तेव्हाच्या फोटोंवरून नकाशावर खूणही केली आहे.

येत्या नोव्हेंबरात पुन्हा तिकडेच जातो आहे. आधी त्या गावात, त्या पोराच्या घरी. तो म्हणाला ओढ्याकाठी ठेवा, तर तिथे ठेवीन. तो म्हणाला पासीघाटला द्या, तर संग्रहालयात देईन, सोबत जागेची चिठ्ठी. आता तो 'पोरगा'ही राहिला नसेल म्हणा.

विमानात पंधरा किलो सामान नेता येते. माझी सॅक नऊ किलोच्या वर जात नाही. पेपरवेटवाल्याने आणि किचेनवाल्याने कालच आणून दिले. किचेनवरचे नाव तसेच राहू द्या म्हणालो, निदान कोणी नेले होते ते कळेल. अजून साडेपाच किलोची जागा आहे. तुमच्याकडचा तुकडा देताना कागदात गुंडाळा, धुऊ-पुसू नका, आणि कुठून उचलला ते जेवढे आठवेल तेवढे सोबत लिहा. गावाचे नाव, साल, वाटेत लागलेला पूल, काहीही.

तुमचाच,
एक जुना भटक्या, पुणे